मानेला लागलेली गोळी: पानसरे यांचे शेवटचे पाच दिवस

सोमवार, १६ फेब्रुवारी २०१५. सकाळी नऊनंतर.
कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे, म्हणजे अण्णा, आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून कोल्हापुरातल्या सागरमाळ भागातल्या घराकडे निघालेत. मोटारसायकलवरून आलेले दोघे अगदी जवळून गोळ्या झाडतात. अण्णांच्या मानेला गोळी लागते, अंगावर आणखी जखमा होतात. उमाताईंच्याही डोक्याला इजा होते.

पुढची काही मिनिटं.
मानेत श्वासनलिका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जारज्जू एकमेकांना खेटून असतात. गोळी मणक्याला चाटून गेली तरी नुसत्या धक्क्याने मज्जारज्जू चेचला जाऊ शकतो. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मज्जातंतूंवर श्वासपटल चालतं. त्यांच्या वर मज्जारज्जू तुटला की माणसाचा श्वासच थांबतो. रस्त्यावरच्या अपघातात आपण आधी मान पट्ट्याने बांधतो. गोळीच्या जखमेत मात्र त्यापायी वेळ घालवू नये, कारण पट्ट्याखाली वाहणारं रक्त आणि चढणारी सूज दिसत नाही. जखम दाबून धरायची, श्वास मोकळा ठेवायचा आणि गाडी काढायची.

त्याच सकाळी.
दोघांना अॅस्टर आधार रुग्णालयात नेतात. शस्त्रक्रिया होते. मोठं रुग्णालय शहरातच होतं, हे विसरून चालणार नाही. हेच आमच्या सेनगावात घडलं तर आधी ग्रामीण रुग्णालय, मग हिंगोली, तिथून ‘नांदेडला न्या’. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत जखमीच्या हातचे सगळ्यात मोलाचे तास रस्त्यातच संपतात. मला याचा फार राग येतो.

१७ ते १९ फेब्रुवारी.
कोल्हापुरातच उपचार. गोळी काढली की माणूस वाचला, ही सिनेमाने पसरवलेली समजूत. मानेच्या मणक्यात रुतलेली गोळी डॉक्टर बहुधा तशीच राहू देतात. मज्जारज्जूवर दाब येऊन हातापायांतली ताकद कमी होत चालली, तरच ती काढण्याचा विचार करतात. अशा जखमेत स्टेरॉइडने फायदा होत नाही, उलट जंतुसंसर्गाचं भय वाढतं. सांभाळायचा असतो तो रक्तदाब आणि श्वास. त्यात अण्णांनी वयाची ऐंशी ओलांडलेली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी.
एअर अँब्युलन्सने त्यांना मुंबईला, ब्रीच कँडी रुग्णालयात हलवतात. फुप्फुसांत रक्तस्राव होतो.

त्याच रात्री.
अण्णा जातात.

२१ फेब्रुवारी.
शवविच्छेदनानंतर त्यांना कोल्हापुरात आणतात आणि पंचगंगेकाठी अंत्यसंस्कार होतात. उमाताई बचावल्या.