केल्टिक फिडलच्या पारंपरिक धुना आणि गिटारची साथ

फिडल हे काही निराळे वाद्य नव्हे. ते व्हायोलिनच होय. त्याच्या चार तारा जी, डी, ए, ई अशाच लावल्या जातात. भेद आहे तो वादनशैलीचा. आयर्लंड, स्कॉटलंड आणि कॅनडातील केप ब्रेटन बेट येथील लोकसंगीतात या वाद्यास मानाचे स्थान आहे.

धुनेची रचना

हे संगीत प्रामुख्याने नृत्यासाठी निर्माण झाले. बहुतेक धुनांचे प्रत्येकी आठ बारांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग दोनदा वाजविला म्हणजे बत्तीस बारांचे एक आवर्तन पूर्ण होते. ‘रील’ चार ठोक्यांची व वेगवान असते. ‘जिग’ सहाच्या मापात चालते. आपल्या दादऱ्याप्रमाणे तिच्यात तीन-तीनचे दोन विभाग पडतात. ‘स्लिप जिग’ नऊच्या मापात असते.

कशी शिकावी?

ही विद्या परंपरेने कानाने घेतली जाते. प्रथम धून गुणगुणता येईपर्यंत ऐकावी, मग दोन-दोन बारांचे तुकडे संथ लयीत बसवावे आणि शेवटी गती वाढवावी. कणस्वरासारखे ‘कट’ व स्वराभोवती फिरणारे ‘रोल’ हे अलंकार धून पक्की झाल्यावरच घ्यावेत. पुस्तकांचे साहाय्य जरूर घ्यावे. शिकागोचे पोलीसप्रमुख राहिलेले फ्रान्सिस ओनील यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात १,००१ नृत्यधुना आहेत. परंतु स्वरलिपी हा केवळ सांगाडा होय; गजाचा झोल कानानेच कळतो.

गिटारची साथ

या परंपरेत गिटार विसाव्या शतकात आले. मूळ संगीत एकस्वरी असल्याने चुकीची कॉर्ड धुनेचा भावच पालटून टाकते. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क येथे निघालेल्या मायकल कोलमन (१८९१-१९४५) यांच्या काही ध्वनिमुद्रिकांत फिडल अप्रतिम आहे, पण साथीचा पियानो धुनेशी विसंगत वाजतो. अनेक धुना आपल्या काफी व खमाज थाटांशी जुळणाऱ्या स्वरमालिकेत असतात. त्यांना नेहमीच्या मेजर-मायनर कॉर्ड सरसकट लावता येत नाहीत.

यावर एक उपाय म्हणजे तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावणे. डी हा षड्ज मानल्यास त्या सा-प-सा-म-प-सा अशा होतात. यात गंधार नसल्याने तानपुऱ्यासारखा मोकळा आधार मिळतो. इंग्लंडमधील डेव्ही ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत प्रचारात आणली. आयरिश संगीतात मिहॉल ओ डोनेल यांनी ती समर्थपणे हाताळली. फिडलवादक केविन बर्क यांच्यासह त्यांनी केलेली ‘प्रॉमिनाड’ (१९७९) ही ध्वनिमुद्रिका साथसंगत शिकणाऱ्याने अवश्य ऐकावी. नवशिक्या साथीदाराने प्रथम केवळ ठेका धरावा व फिडल स्पष्ट ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. बैठकीत आधीच एक गिटार वाजत असेल, तर दुसरे खाली ठेवणे हा शिष्टाचार होय.

परंपरेचा सांभाळ

या वारशाच्या इतिहासात धर्मगुरूंचाही वाटा आहे, आणि तो दुहेरी आहे. एकोणिसाव्या शतकात केप ब्रेटनच्या माबू येथील एका धर्मगुरूंनी मद्यपान व नाचगाण्याला आळा घालण्यासाठी लोकांची फिडले जमा करून नष्ट केली, असे तेथील परंपरा सांगते. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी, केप ब्रेटनचा फिडलवादक लोप पावत आहे, असा इशारा एका दूरचित्रवाणी माहितीपटाने दिला. त्याला उत्तर म्हणून १९७३ साली ग्लेनडेल येथे महोत्सव भरला. त्याच्या आयोजनात फादर जॉन अँगस रँकिन यांनी पुढाकार घेतला आणि शंभराहून अधिक वादक एकत्र आले. नव्या पिढीला शिकविण्याच्या प्रयत्नांनाही तेथून बळ मिळाले.

एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या कानात जाणारी ठेव एका पिढीच्या उपेक्षेनेही नाहीशी होऊ शकते. म्हणूनच जो एक धून नीट शिकतो आणि दुसऱ्यास शिकवितो, तो परंपरेचा खरा राखणदार ठरतो.