जयकर समितीपासून जयपूरच्या जोडरेषांपर्यंत

जयपूर ही आखून वसवलेली नगरी. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी ती वसवली आणि विद्याधर भट्टाचार्यांनी तिची विभागणी चौकड्यांत केली. रुंद बाजाररस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि छेदतात तिथे चौपड असते. छोटी चौपड आणि बडी चौपड ही आता मेट्रोची स्थानकेही आहेत. शहराच्या वेशीबाहेर दिल्ली, आग्रा, मुंबई, कोटा आणि बिकानेरकडचे महामार्ग एकत्र येतात. हे महामार्ग मेट्रोच्या नकाशासारखे काढायचे, तर प्रत्येक मार्गाला आधी स्वतःची सलग ओळख हवी. आपल्याकडे ती मिळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली, आणि त्या वाटचालीच्या आरंभी एक मराठी नाव आहे.

बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते विकास समिती नेमली गेली. मोठ्या रस्त्यांचा भार एकट्या प्रांतांना पेलणारा नाही, त्यात देशाने वाटा उचलला पाहिजे, हा तिच्या अहवालाचा गाभा होता. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. आपल्या रस्त्यांची मानके ठरवण्याचे काम ती आजही करते.

पुढचा टप्पाही आपल्याच मुलखातला. १९४३ मध्ये मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा आखला गेला. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी तिथे ठरली. रस्त्यांची लांबी काढण्याचे गणित ‘तारा आणि जाळी’ या आकृतीवर बेतलेले होते. रस्त्यांचे जाळे ही एक आकृती आहे, असा विचार इतक्या आधी आपल्या अभियंत्यांनी केला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटते. नागपूरच्या बैठकीच्या दहा वर्षे आधी, १९३३ मध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांनी काढलेला नकाशा छापला गेला होता. विजेच्या मंडलांच्या आकृत्या काढणाऱ्या या माणसाने वळणे टाकून दिली आणि फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेषा ठेवल्या. अलीकडे कॅमेरॉन बूथ यांनी अमेरिकेचे आंतरराज्य महामार्ग त्याच पद्धतीने काढले. त्यांना ते साधले, कारण तिथे एक क्रमांक म्हणजे बहुतेक ठिकाणी एक सलग रेषा होती.

आपल्याकडे तसे नव्हते. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला, १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आले, १९९५ पासून ते कामाला लागले, चार महानगरांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचे ५,८४६ किलोमीटर रुंद झाले. पण क्रमांक जुनेच राहिले. जयपूरहून टोंक, कोटा, इंदूर, धुळे या वाटेने सोलापूरला येणारा ट्रकचालक आधी १२ वर असे, मग ३ वर, आणि धुळ्यापासून २११ वर.

२०१० मध्ये सारे क्रमांक नव्याने दिले गेले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मार्गांना सम क्रमांक, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. प्राधिकरणाने बांधलेल्या कित्येक पुलांपेक्षा मला हा बदल मोठा वाटतो. जयपूर ते सोलापूर आता एकच, ५२. दिल्ली-मुंबईचा जुना ८ आणि पुढे पुणे, कोल्हापूरवरून चेन्नईला जाणारा ४ यांचा मिळून झाला ४८. जयपूर-आग्रा रस्ता झाला २१.

आता कागद घ्या आणि जयपूरला मोठे वर्तुळ काढा. ४८ ची रेषा किशनगड, चित्तोडगड, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर अशी उतरते. ५२ ची कोटा, इंदूर, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर, विजयपूर अशी. जयपुरात एकत्र आलेल्या या दोन रेषा थेट हुबळीला पुन्हा भेटतात! पश्चिम महाराष्ट्र एका रेषेवर, खानदेश-मराठवाडा दुसऱ्या रेषेवर. भूगोलाच्या नकाशात हे डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

अशा नकाशात अंतर मात्र हरवते. रेल्वेच्या प्रवाशाचे त्यावाचून अडत नाही, गाडी हाकणाऱ्याचे अडते. डिझेल आणि झोप दोन्ही किलोमीटरवर ठरतात. म्हणून दोन ठिपक्यांमध्ये अंतराचा आकडा हवाच. शिवाय आता दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग आला आहे. त्याचा सोहना-दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला, आणि जयपूरला जोडण्यासाठी बांदीकुईपासून ६७ किलोमीटरचा फाटा आखला गेला. जुन्या महामार्गावर कुठल्याही ढाब्यापाशी चढता-उतरता येते. इथे ठरलेल्या जागीच. म्हणजे या रस्त्याला खरोखरच स्थानके आहेत. नकाशात त्यांची खूण वेगळी असावी, आणि ती कशी असावी हे इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवावे.