सातपुड्याच्या पायथ्याचे काळे धन

नागपूर सोडून हावड्याच्या मार्गाने निघालेल्या प्रवाशाला भंडारा रोड मागे पडल्यावर तुमसर रोड हे स्थानक लागते. नोकरीनिमित्त परप्रांती जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी त्याची पाटी खिडकीतून वाचली असेल. परंतु तेथून उत्तरेस तिरोडीकडे जाणारा फाटा कशासाठी निघाला, याचा विचार फारसा कोणी केला नसेल. तो निघाला एका काळ्या, जड दगडासाठी. त्या दगडात मँगॅनीज आहे.

या धातूचा आणि आपला परिचय तसा जुनाच. पटकीच्या साथीत विहिरीत टाकले जाणारे जांभळे औषध हे मँगॅनीजचेच लवण, आणि हातबत्तीच्या सेलमधील काळी भुकटी म्हणजे त्याचेच ऑक्साइड. तो स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे स्वीडनमधील शेले याने ओळखले आणि त्याचा सहकारी गान याने १७७४ साली तो धातुरूपात वेगळा केला. दिसावयास तो लोखंडासारखा, करडा-पांढरा. वितळतो सुमारे १२४६ अंश सेंटिग्रेडला. पृथ्वीच्या कवचात त्याचे प्रमाण हजारात एक भाग, म्हणजे तो काही दुर्मिळ नव्हे. पण निसर्गात तो शुद्ध कधीच सापडत नाही, बहुधा प्राणवायूशी जखडलेलाच आढळतो. शिवाय तो इतका ठिसूळ की एकट्याने त्याचा कोणताही पदार्थ घडविता येत नाही.

अशा धातूला जगाच्या बाजारात मोल आले ते पोलादामुळे. १८५६ मध्ये बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्त पोलाद करण्याची रीत जाहीर केली. पण ते पोलाद तापवून ठोकू लागताच चिरफळत असे. लोखंडातील गंधक आणि फुंकताना मुरलेला प्राणवायू हे दोषाचे मूळ होते. रॉबर्ट मशेट याने मँगॅनीजयुक्त बीड त्यात मिसळून हा दोष घालविला. मँगॅनीज प्राणवायूला ओढून घेते, आणि लोखंडाला कमकुवत करणाऱ्या गंधकाला स्वतःशी बांधून ठेवते. पुढे १८८२ मध्ये हॅडफील्डने शेकडा बारा-तेरा भाग मँगॅनीज घातलेले पोलाद तयार केले. ते घाव बसतील तसे अधिकच कठीण होते. रुळांचे सांधे, दगड फोडण्याच्या यंत्रांचे जबडे आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे या पोलादाची झाली.

म्हणजे पोलाद वाढले तशी मँगॅनीजची मागणी वाढली, आणि विलायतेची नजर हिंदुस्थानाकडे वळली. १८९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत विजयनगरमजवळ कोडूर येथे खाणकाम सुरू झाले. शतक सरता सरता नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या परिसरातील टेकड्या खोदल्या जाऊ लागल्या; मागोमाग भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा. १९०५ च्या सुमारास रशियात अशांतता माजून तिकडील माल अडला, भाव चढले, आणि मध्य प्रांताचे धातुक जगभर जाऊ लागले. पुढील काही वर्षे या धंद्यात हिंदुस्थान आणि रशिया हेच दोन अग्रणी होते. विशाखापट्टणमचे बंदर १९३३ मध्ये खुले झाले आणि त्याच्या मागची रायपूर-विजयनगरम रेल्वे १९३१ मध्ये पूर्ण झाली, त्यामागेही हेच धातुक लवकर समुद्रावर नेण्याची निकड होती.

या खाणींचा शास्त्रीय अभ्यास फर्मर या भूशास्त्रज्ञाने केला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बृहद्ग्रंथात या टापूतील एका खडकाला ‘गोंडाइट’ हे नाव दिलेले आहे, ते येथील गोंड लोकांवरून. सीतापार गावावरून ‘सीतापाराइट’ आणि पुढे तिरोडीवरून ‘तिरोडाइट’ अशी खनिजांची नावेही पडली. ती दोन्ही नावे पुढे शास्त्राने मागे घेतली. गोंडाइट मात्र टिकला. खडकाला गोंडांचे नाव लाभले. पण ज्या गोंड आणि इतर मजूर स्त्री-पुरुषांनी उन्हातान्हात हातोडीने तो दगड फोडला, चांगला-वाईट हाताने निवडला आणि टोपल्यांनी वाहिला, त्यांची नावे त्या ग्रंथात शोधून सापडावयाची नाहीत.

अर्धशतकाहून अधिक काळ हे धन प्रामुख्याने कच्च्या दगडाच्या रूपात देशाबाहेर गेले. त्याचे पोलाद परदेशात झाले, आणि तेच पोलाद रूळ व यंत्रे होऊन आपल्याकडे विकावयास आले. १९५६ मध्ये प्रांतरचना बदलली. नागपूर व भंडारा मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले, बालाघाट व छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिले. खडकांचा पट्टा मात्र एकच. १९६२ मध्ये केंद्र सरकार आणि ही दोन राज्ये यांच्या भागीदारीने, जुन्या ब्रिटिश कंपनीला ४९ टक्के हिस्सा ठेवून, मँगॅनीज ओअर इंडिया ही कंपनी स्थापन झाली, तिचे ठाणे नागपूर. १९७७ मध्ये ब्रिटिश हिस्साही सरकारकडे आला. आज डोंगरी बुजुर्गचे ऑक्साइड बॅटऱ्यांसाठी जाते आणि भरवेलीची खाण जमिनीखाली खोलवर उतरली आहे.

आणि एवढे होऊनही, ज्या देशाने एके काळी जगाला हे धातुक पुरविले तोच देश आज आपल्या पोलादासाठी दक्षिण आफ्रिका व गॅबन येथून ते विकत आणतो. पोलादाची भूक वाढली हे एक कारण. उत्तम प्रतीचा माल आधीच बोटींतून निघून गेला हे दुसरे. जमिनीतले धन एकदाच उपसता येते. ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या रूपात उपसावे, हा निर्णय त्या काळी येथील माणसांच्या हाती नव्हता. आता तो आहे. खनिजांच्या, बंदरांच्या किंवा रेल्वेच्या फायली ज्यांच्या मेजावरून आजही जातात, त्या वाचकांनी पुढच्या वेळी तुमसर रोडची पाटी दिसली की एवढे स्मरावे.