‘कोड तर इंग्रजीतच असतो’: एका युक्तिवादाचा समाचार

माउसला हात न लावता कर्सर हव्या त्या शब्दावर नेणारं कोड एडिटरचं एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांचा एक ठाम समज असतो: कोड इंग्रजीत लिहितात, तेव्हा देवनागरीची काळजी कशाला? हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. पायथन घ्या की जावास्क्रिप्ट, आज्ञाशब्द इंग्रजीच. व्हेरिएबलला देवनागरी नाव दिलेलं दोन्हींना चालतं, पण तसं देणारे विरळाच.

मात्र कर्सर काही फक्त आज्ञाशब्दांवरून फिरत नाही. मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीसाठी देखभाल-पावतीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला, तर फाइलभर ‘थकबाकी’, ‘सदनिका क्रमांक’, ‘भाईंदर पूर्व’ असा मजकूर येणारच. सेक्रेटरींची तक्रार आली की दुरुस्तीही बहुधा याच ओळींत करावी लागते.

तिथे काय होतं पाहा. शब्द ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधला तयार ‘शब्दचिन्ह’ वर्ग वापरला, तर जावास्क्रिप्टमध्ये त्यात इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर एवढंच बसतं. ‘भाईंदर’ त्याच्या खिजगणतीतच नाही. थोडा सावध लेखक युनिकोडचा ‘अक्षर’ वर्ग घेतो. मग ‘भ’, ‘ई’ आणि ‘दर’ असे तीन तुकडे पडतात आणि एकाच शब्दावर उडीच्या तीन खुणा उमटतात. कारण काना आणि अनुस्वार युनिकोडच्या लेखी अक्षरं नव्हेत. त्यांचा वर्ग ‘मार्क’. दोन्ही वर्ग एकत्र घेतले की शब्द अखंड राहतो. ‘उत्तन’मधला हलन्तही ‘मार्क’च, त्यामुळे जोडाक्षरही फुटत नाही.

दुसरा आक्षेप आज्ञांच्या कळांचा: कर्सर हलवणाऱ्या एच, जे, के, एल या रोमनच ना? पण बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला, त्याच्या या चार कळांवर बाण छापलेले होते. म्हणजे इथे महत्त्व जागेला होतं, लिपीला नव्हे. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड लेआउट चालू असेल तर त्याच जागी प, र, क, त येतात. बोट बरोबर पडूनही ‘एच’ऐवजी ‘प’ मिळतो आणि आज्ञा वाया जाते. ‘व्हीआय’च्या वंशातल्या विम या एडिटरमधला ‘लँगमॅप’ हा पर्याय नेमका यासाठीच आहे. व्हीएस कोडच्या शॉर्टकटमध्येही अक्षराऐवजी कळेची जागा सांगता येते.

‘मग तेवढ्यापुरतं इंग्रजी करा ना!’ हे उत्तर तर मुळावरच येतं. मराठी मजकुरात प्रत्येक उडीच्या आधी आणि नंतर लेआउट बदलायचा, तर माउस काय वाईट होता?

यात मराठीवर मेहेरबानीही नाही. मीरा-भाईंदरमध्ये मराठीइतकीच गुजराती आणि हिंदीही कानावर पडते, आणि गुजराती मात्रांचा वर्गही ‘मार्क’च. शब्दाचा नियम एकदा नीट लिहिला की तिन्ही भाषांचं काम भागतं. हे जादा सोय म्हणून पुढच्या आवृत्तीवर ढकलण्यासारखं नाही. ‘पुढचा शब्द’ ही आज्ञा ज्या एक्स्टेन्शनला ‘भाईंदर’वर पाळता येत नाही, त्यात बग आहे आणि तो बग म्हणूनच नोंदवायला हवा.