टायटॅनियम रोपणाचा पृष्ठभाग आणि अस्थिपेशींची वाढ : एक ऐतिहासिक आढावा

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात १९५२ च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे सशांच्या अस्थिमज्जेतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसविलेली टायटॅनियमची निरीक्षणनलिका प्रयोगाअंती हाडातून निघेना. हाड व धातू यांच्या या थेट जोडणीस पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ ही संज्ञा रूढ झाली. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे एका रुग्णाच्या जबड्यात पहिली दंतरोपणे बसविण्यात आली. त्यांचा पृष्ठभाग लेथवर कातलेला होता. तो कसा असावा हा प्रश्न त्या वेळी दुय्यम होता. हाड धरेपर्यंत खालच्या जबड्यास सुमारे तीन, तर वरच्या जबड्यास सहा महिने विश्रांती द्यावी लागे. कवळीविना दिवस काढणाऱ्या रुग्णास हा काळ किती दीर्घ वाटत असेल, हे सांगावयास नको.

पृष्ठभागास महत्त्व आले ते स्वित्झर्लंडमध्ये. बर्न येथील आंद्रे श्रोडर यांनी १९७० च्या दशकात वितळलेल्या टायटॅनियम चूर्णाचा प्लाझ्मा-फवारा देऊन रोपण खडबडीत केले. १९९१ मध्ये डॅनियल बुझर व सहकाऱ्यांनी लहान जातीच्या डुकरांच्या हाडांत सहा प्रकारचे पृष्ठभाग तपासले. विद्युत्-पॉलिश केलेल्या रोपणाशी हाडाचा संपर्क २० ते २५ टक्के आढळला. जाड वाळूचा मारा करून आम्लाने कोरलेल्या रोपणाशी तो ५० ते ६० टक्के होता. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या लेपाने याहून अधिक संपर्क साधला, परंतु तो लेपच शरीरात झिजू लागल्याची चिन्हे दिसली. त्यामुळे लेप चढविण्यापेक्षा धातूच कोरण्याचा मार्ग पुढे अधिक रुळला. अशा रोपणांनी चांगल्या हाडात प्रतीक्षाकाल सुमारे सहा आठवड्यांवर आणला.

याची कारणमीमांसा मात्र पेशीसंवर्धनातून पुढे आली, आणि ती अपेक्षेच्या उलट होती. बार्बरा बोयन व झ्वी श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९० च्या दशकात मानवी अस्थिजनक पेशींसारख्या पेशी टायटॅनियमच्या चकत्यांवर वाढविल्या. खडबडीत चकत्यांवर पेशींची संख्या कमी भरली. परंतु त्या अधिक परिपक्व होत्या व ऑस्टिओकॅल्सिनसारखी अस्थिनिर्मितीची लक्षणे त्यांत ठळक होती. म्हणजे ‘वाढ’ हा शब्दच येथे फसवा ठरतो. केवळ पेशी मोजून पृष्ठभागाची प्रतवारी लावणाऱ्या अभ्यासांकडे, म्हणूनच, सावधपणे पाहणे इष्ट.

दुसरी अडचण हिरड्यांशी निगडित आहे. खडबडीत भाग हाडाबाहेर उघडा पडल्यास त्यावर जिवाणूंचा थर सहज साचतो आणि तो स्वच्छ करणे कठीण जाते. हाडास जे पोषक, तेच जिवाणूंनाही सोयीचे, असा हा पेच होय. जुन्या कातीव पृष्ठभागास निकृष्ट ठरविण्याची घाई त्यामुळेच करता येत नाही. १९६५ च्या त्या पहिल्या रुग्णाच्या जबड्यातील रोपणे २००६ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, कार्यक्षम राहिली होती.