चित्रपटगृहांकडे प्रेक्षकांची पाठ : कारणे आणि परिणाम

भारतात चित्रपट पाहण्याची हौस ओसरलेली नाही; परंतु चित्रपटगृहात जाऊन चित्रपट पाहणाऱ्यांची संख्या घटत चालली आहे. ऑरमॅक्स मीडिया या माध्यम संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ या वर्षी देशभरात सुमारे १०३ कोटी तिकिटे विकली गेली होती. २०२३ मध्ये ही संख्या ९४.३ कोटी, तर २०२४ मध्ये ८८.३ कोटी झाली. तिकीटविक्रीचे एकूण उत्पन्न मात्र २०१९ मधील सुमारे १०,९४८ कोटी रुपयांवरून २०२४ मध्ये ११,८३३ कोटी रुपयांवर पोहोचले. म्हणजे पाच वर्षांत प्रेक्षक सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले आणि उत्पन्न सुमारे ८ टक्क्यांनी वाढले.

या दोन आकड्यांतील तफावत तिकिटाच्या दराने भरून काढली आहे. याच काळात तिकिटाचा सरासरी दर १०६ रुपयांवरून १३४ रुपयांवर गेला. व्यवसायाच्या एकूण उलाढालीकडे पाहता चिंतेचे कारण चटकन दिसत नाही. परंतु कमी पैशांत, वरचेवर आणि घराजवळच्या चित्रपटगृहात येणारा प्रेक्षक दूर गेला आहे, हे या आकडेवारीवरून ध्यानात येते. ही प्रक्रिया कोरोनाच्या साथीपासून सुरू झालेली नाही. तिची मुळे गेल्या चार दशकांत आहेत.

सामान्यांची करमणूक

ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलमध्ये झाला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतरच्या काळात शहरोशहरी कायमस्वरूपी चित्रपटगृहे उभी राहिली. जेथे ती नव्हती, तेथे फिरत्या चित्रपटगृहांचे तंबू पोहोचले. महाराष्ट्रातील जत्रा-यात्रांमध्ये तंबूतील सिनेमा हे अनेक वर्षे मोठे आकर्षण होते.

एकपडदा चित्रपटगृहांची रचना समाजातील सर्व थरांना सामावून घेणारी होती. पडद्याजवळील सर्वात स्वस्त जागांपासून बाल्कनीपर्यंत वेगवेगळ्या दरांची तिकिटे असत. हमाल, गिरणी कामगार, विद्यार्थी, व्यापारी आणि अधिकारी एकाच छपराखाली एकच चित्रपट पाहत. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव हे यशाचे माप होते आणि एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणारे प्रेक्षक त्या यशाचा आधार होते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. दादा कोंडके यांच्या मराठी चित्रपटांच्या सलग रौप्यमहोत्सवी यशामागेही हाच प्रेक्षक उभा होता.

घरात आलेला पडदा

या सवयीला पहिला धक्का दूरचित्रवाणीने दिला. १९५९ मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेले दूरदर्शन १९७२ मध्ये मुंबईत आले आणि १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी रंगीत झाले. दर आठवड्याला दाखविला जाणारा चित्रपट आणि पुढे १९८७ पासूनची 'रामायण' मालिका यांनी घरात बसून करमणुकीची सवय लावली. त्याच दशकात व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाला. नव्या चित्रपटांच्या चोरट्या प्रती गल्लीबोळांतील व्हिडिओ पार्लरमध्ये आणि भाड्याच्या व्हीसीआरवर दिसू लागल्या. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबलचे जाळे पसरले.

सुस्थितीतील कुटुंबे चित्रपटगृहापासून दुरावल्याने उत्पन्न घटले. उत्पन्न घटल्याने देखभालीकडे दुर्लक्ष झाले, आणि तुटक्या खुर्च्या, बंद पंखे व अस्वच्छ प्रसाधनगृहे यांमुळे महिला प्रेक्षकांनीही येणे कमी केले. १३ जून १९९७ रोजी दिल्लीतील उपहार चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. जुन्या चित्रपटगृहांतील सुरक्षिततेचा प्रश्न या दुर्घटनेने देशासमोर आणला.

प्रेक्षक परत येऊ शकतो, हेही याच काळात दिसून आले. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' प्रदर्शित करताना राजश्री प्रॉडक्शन्सने व्हिडिओ कॅसेट बाजारात आणणे लांबविले आणि निवडक, सुस्थितीतील चित्रपटगृहांवर भर दिला. कुटुंबेच्या कुटुंबे पुन्हा चित्रपटगृहात आली.

एक पडदा ते अनेक पडदे

१९९७ च्या जून महिन्यातच दिल्लीतील साकेत येथे पीव्हीआर अनुपम हे चार पडद्यांचे मल्टिप्लेक्स सुरू झाले. जुन्या 'अनुपम' या एकपडदा चित्रपटगृहाचे ते रूपांतर होते. पुढील काळात महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी नव्या मल्टिप्लेक्सना काही वर्षे करमणूक करात सवलत दिली. वातानुकूलन, उत्तम ध्वनियंत्रणा, स्वच्छता आणि आगाऊ आरक्षणाची सोय यांमुळे मध्यमवर्ग परतला. लहान प्रेक्षागृहांमुळे वेगळ्या वाटेच्या चित्रपटांनाही सुरुवातीला जागा मिळाली.

दुसरीकडे एकपडदा चित्रपटगृहांची जागा हीच त्यांची अडचण ठरली. शहराच्या मध्यवर्ती भागातील जमिनीचे मोल तिकीटविक्रीतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढले. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील १९३२ पासूनचे 'रीगल' मार्च २०१७ मध्ये बंद झाले. कोलकात्यातील 'मित्रा' २०१९ मध्ये, तर चेन्नईतील 'उदयम' २०२४ मध्ये बंद झाले. पुण्यातील 'प्रभात' २०१४ च्या अखेरीस मूळ मालकांकडे गेले आणि नंतर 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा सुरू झाले. असे भाग्य थोड्याच चित्रपटगृहांच्या वाट्याला आले.

मुंबईतील चर्चगेटजवळचे 'इरॉस' हे या बदलाचे बोलके उदाहरण आहे. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या चित्रपटगृहात हजाराहून अधिक प्रेक्षकांची सोय होती. २०१७ मध्ये ते बंद झाले आणि २०२४ मध्ये अत्याधुनिक आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडले, तेव्हा तेथे सुमारे तीनशे आसने होती. वास्तू वाचली, दर्जा उंचावला. परंतु स्वस्त जागा राहिल्या नाहीत.

तिकीट, कर आणि खाद्यपदार्थ

चार जणांच्या कुटुंबाने शहरातील मल्टिप्लेक्समध्ये चित्रपट पाहायचा, तर तिकिटांबरोबर आरक्षण शुल्क, वाहनतळ, प्रवास आणि खाद्यपदार्थ असा खर्च येतो. मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्यांच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग खाद्यपदार्थ व पेयांतून मिळतो. बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला. मात्र प्रेक्षकांना पिण्याचे शुद्ध पाणी विनामूल्य देणे बंधनकारक असल्याचेही स्पष्ट केले.

करांचा इतिहासही महत्त्वाचा आहे. करमणूक कर राज्यांच्या अखत्यारीत होता आणि काही राज्यांत त्याचे प्रमाण बरेच जास्त होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर आला. १ जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ व १८ टक्के करण्यात आले. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला आहे. या सवलतीचा लाभ मुख्यतः लहान गावांतील आणि एकपडदा चित्रपटगृहांना मिळू शकतो, कारण महानगरांतील मल्टिप्लेक्समध्ये १०० रुपयांच्या आतील तिकीट क्वचितच मिळते.

दर कमी केल्यास काय घडते, याचा अनुभव 'राष्ट्रीय चित्रपट दिना'च्या निमित्ताने आला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी देशातील बहुसंख्य मल्टिप्लेक्समध्ये तिकीट ७५ रुपयांना देण्यात आले. मल्टिप्लेक्स असोसिएशन ऑफ इंडियाने दिलेल्या माहितीनुसार त्या दिवशी ६५ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. एका दिवसाच्या सवलतीवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही. तथापि प्रेक्षकांची इच्छा आणि तिकिटाचा दर यांचा संबंध त्यातून स्पष्ट झाला.

दरांवर सरकारी मर्यादा घालण्याचे प्रयत्नही झाले. आंध्र प्रदेशात २०२१ मध्ये ठरविलेले दर परवडत नसल्याने अनेक चित्रपटगृहे काही काळ बंद राहिली आणि मार्च २०२२ मध्ये दर सुधारण्यात आले. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची कमाल मर्यादा जाहीर केली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली.

मोबाईलवरील चित्रपटगृह

२०१६ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. जानेवारीत नेटफ्लिक्सने आणि डिसेंबरमध्ये अॅमेझॉन प्राइम व्हिडिओने भारतात सेवा सुरू केली. सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या आगमनाने मोबाईल इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील चित्रपटगृहे बंद झाली, तेव्हा ही पर्यायी व्यवस्था तयारच होती. १२ जून २०२० रोजी 'गुलाबो सिताबो' हा मोठ्या कलावंतांचा हिंदी चित्रपट थेट ओटीटीवर प्रदर्शित झाला. १५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या क्षमतेने चित्रपटगृहे उघडण्यास केंद्राने परवानगी दिली. पण दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली. महाराष्ट्रात ती २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाली. दीड वर्षाहून अधिक काळातील या खंडाने सवय मोडली.

चित्रपटगृहातील प्रदर्शन आणि ओटीटीवरील आगमन यांतील अंतर हा आजचा कळीचा मुद्दा आहे. हिंदी चित्रपटांसाठी राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्या आठ आठवड्यांचा आग्रह धरतात. दक्षिणेतील अनेक चित्रपट चार आठवड्यांतच ओटीटीवर येतात. २०२३ मध्ये तमिळ चित्रपट 'लिओ'ची हिंदी आवृत्ती या मतभेदामुळेच राष्ट्रीय साखळ्यांमध्ये झळकली नाही. महिन्याभरात चित्रपट घरी पाहता येणार असेल, तर साधारण वाटणाऱ्या चित्रपटासाठी घराबाहेर पडण्याचे कारण उरत नाही. साहजिकच प्रेक्षक केवळ भव्य दृश्यांच्या किंवा सर्वत्र चर्चा असलेल्या चित्रपटांची निवड करतो.

पडद्यांची टंचाई

भारतातील एकूण पडद्यांची संख्या १० हजारांच्या आसपास आहे. चीनमध्ये ती ८० हजारांहून अधिक आहे. त्यातही भारतातील जवळजवळ निम्मे पडदे दक्षिणेतील पाच राज्यांत आहेत. उत्तर, पूर्व आणि मध्य भारतातील अनेक तालुक्यांत एकही चित्रपटगृह नाही. त्यामुळे काही भागांत प्रेक्षकाने पाठ फिरविली असे म्हणण्यापेक्षा त्याच्यासाठी दारच उरले नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. काश्मीर खोऱ्यात १९८९-९० च्या सुमारास बंद पडलेल्या चित्रपटगृहांनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये श्रीनगरात मल्टिप्लेक्स सुरू झाले. तोपर्यंत एक पूर्ण पिढी मोठ्या पडद्याविना वाढली होती.

डिजिटल प्रक्षेपणामुळे महागड्या फिल्म प्रतींची गरज संपली आणि लहान गावांतही चित्रपट पहिल्याच दिवशी पोहोचू लागला. परंतु हजारो पडद्यांवर एकाच वेळी प्रदर्शन झाल्याने चित्रपटाचे आयुष्य आक्रसले. २००९ मधील निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यातील वादानंतर ठरलेल्या सूत्रानुसार निर्माता-वितरकांचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के असतो आणि चौथ्या आठवड्यापर्यंत तो ३० टक्क्यांवर येतो. त्यामुळे सारा भर पहिल्या तीन दिवसांच्या कमाईवर राहतो. ऐकीव प्रशंसेवर हळूहळू प्रेक्षक मिळविणाऱ्या चित्रपटाला तेवढी सवड मिळत नाही.

परिणाम आणि पुढील वाट

याची सर्वाधिक झळ लहान व प्रादेशिक चित्रपटांना बसते. महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना खेळ द्यावेत, असा नियम आहे. तरीही सोयीच्या वेळेचे खेळ मिळत नसल्याची तक्रार निर्माते वारंवार करतात. मात्र आपले जगणे पडद्यावर दिसल्यास प्रेक्षक येतो, हेही मराठी चित्रपटांनीच दाखवून दिले आहे. २०१६ मध्ये 'सैराट'साठी गावोगावी जादा खेळ लावावे लागले, तर २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'साठी महिलांचे गट एकत्र येऊन चित्रपटगृहे भरत होते.

चित्रपटगृह बंद होते, तेव्हा तिकीट खिडकीवरील कर्मचारी, प्रक्षेपक चालविणारा, द्वारपाल आणि बाहेर वडे, चहा विकणारा यांचा रोजगार जातो. गावातील सर्व थरांतील लोक एकत्र बसतील, अशी एक जागाही नाहीशी होते.

कमी आसनांची व कमी खर्चाची चित्रपटगृहे उभारणे, परवान्यांची प्रक्रिया सुलभ करणे, आठवड्याच्या मधल्या दिवशी सवलतीचे दर ठेवणे आणि ओटीटीपूर्वीचा कालावधी सर्व भाषांसाठी समान ठेवणे, असे उपाय चित्रपट व्यवसायात सुचविले जातात. यांपैकी काहींची अंमलबजावणी सुरूही झाली आहे. महानगरांत आलिशान आसने वाढविल्याने उत्पन्न टिकेल. प्रेक्षकांची संख्या मात्र तालुक्याच्या गावी परवडणाऱ्या दरात पडदा उपलब्ध झाल्यावरच वाढू शकेल. भारतीय चित्रपटाला शंभर वर्षे ज्यांनी पोसले, ते प्रेक्षक मुख्यतः स्वस्त जागांवर बसणारे होते. त्यांच्यासाठी पुन्हा जागा निर्माण होते का, यावर चित्रपटगृहांचे भवितव्य अवलंबून राहील.