नवोदयची परीक्षा नेमकी कुणासाठी निघाली होती?

दरेकसाचं नाव बाहेर दोनच कारणांनी निघतं. माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा, नाहीतर नक्षल बातम्यांतलं 'दरेकसा दलम'. शाळेच्या निमित्ताने कुणी हे नाव घेतल्याचं पत्रकारितेच्या इतक्या वर्षांत मला तरी आठवत नाही. म्हणून आज शाळेचंच लिहितो. जरा लांब झालंय, सवडीने वाचा.

विषय नवोदय प्रवेश परीक्षेचा. आपल्या जिल्ह्याची नवोदय नवेगावबांधला. सहावीच्या जागा ८०, जिल्ह्यात तालुके ८. सरासरी काढली तर तालुक्याला १० लेकरं. पण निवड काही सरासरीने होत नाही. आणि सहावीसाठीची ही परीक्षा लेकराला एकदाच देता येते, पाचवीत असताना. हुकली की हुकली.

परीक्षा घेऊन हुशार पोरं निवडायची, हा विचार आपल्याकडे जुना आहे आणि त्यावरचा आक्षेपही तितकाच जुना. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातच शिष्यवृत्तीबद्दल एक मुद्दा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटणं दिसायला न्यायाचं दिसतं, पण त्याने शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही. ज्यांच्यात शिक्षण पोचलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा, असं त्यांचं म्हणणं. त्याच दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे आपल्या डोंगरातून गेली. दरेकसाला गाडी शाळेच्या कितीतरी आधी आली म्हणा ना.

पुढे १९५४-५५ पासून चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली. तेव्हा आपण मुंबई राज्यात नव्हतोच. आपला भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण इकडे आलो.

नवोदयचा धागा मात्र दुसरीकडून येतो, आणि तो आपल्या फार जवळचा आहे. पी. व्ही. नरसिंहराव आंध्रचे मुख्यमंत्री असताना, १९७१ साली, नलगोंडा जिल्ह्यात सर्वेल गावी एक सरकारी निवासी शाळा निघाली. खेड्यातली हुशार पोरं निवडायची, राहणं-खाणं-शिकणं सगळं सरकारने करायचं. पुढे १९८४ मध्ये हेच नरसिंहराव आपल्या शेजारच्या रामटेकमधून लोकसभेवर गेले आणि १९८५ मध्ये राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात मनुष्यबळ विकास मंत्री झाले. मराठी उत्तम जाणणारा माणूस. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोन नवोदय प्रयोग म्हणून उघडल्या, एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या विदर्भात अमरावतीला. १९८६ च्या शिक्षण धोरणाने मग प्रत्येक जिल्ह्यात एक, असं ठरवलं.

आता परीक्षेकडे या. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, नुसत्या आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा शोधा, अर्धवट चित्र पूर्ण करा. हे मुद्दाम केलेलं आहे. ज्याच्या घरात पुस्तक नाही, ज्याला शिकवणी नाही, त्या खेड्यातल्या लेकरालाही बरोबरीने बसता यावं, म्हणून शब्दांचा भार कमी ठेवला. कल्पना नामी होती, यात वाद नाही.

पण आकृत्यांचेही ठरलेले प्रकार असतात, आणि प्रकार पाठ करता येतात. इंग्लंडने हे आपल्या आधी पाहिलं. १९४४ च्या कायद्यानंतर तिथे अकरा वर्षांच्या पोरांची बुद्धिमापन परीक्षा घेऊन शाळा ठरवत. ही जन्मजात बुद्धी मोजते, शिकवणीचा उपयोग नाही, असं छातीठोक सांगत. १९५० च्या दशकात फिलिप व्हर्नन या मानसशास्त्रज्ञाने तपासलं तर सरावाने गुण चांगलेच वाढतात असं निघालं. त्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, बहुतेक वाढ पहिल्या थोड्या सरावातच होते. पुढे कितीही घासा, फार फरक पडत नाही. गंमत म्हणजे अशा चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने, त्याने १९०५ मध्ये पॅरिसला ती काढली ती मागे पडणाऱ्या पोरांना मदत मिळावी म्हणून. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९४० मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. मदतीसाठी निघालेली पट्टी निवडीसाठी कधी वापरली जाऊ लागली, ते कुणाला कळलंही नाही.

म्हणजे दरेकसाच्या लेकराला दोन वर्षांचे महागडे क्लास लागत नाहीत. त्याला आकृत्यांचे सगळे प्रकार एकदा नीट बघायला मिळाले पाहिजेत आणि वेळ लावून काही पेपर सोडवायला मिळाले पाहिजेत. पहिल्यांदा ओएमआर शीट थेट परीक्षेच्या दिवशी हातात पडली तर ते गोल रंगवण्यातच पाच-दहा मिनिटं जातात. गोंदिया-आमगावकडच्या पोराने तोवर असे कितीतरी पेपर सोडवलेले असतात. आणि कागदावर दोघंही 'ग्रामीण'. ७५ टक्के जागा ग्रामीणच्या आहेत खऱ्या, पण शहराला खेटून ग्रामपंचायत हद्दीत असलेल्या शाळेतलं लेकरूही ग्रामीण आणि कचारगडच्या पायथ्याचंही ग्रामीणच. अनुसूचित जमातीचं आरक्षण आहे, म्हणजे फुल्यांचं म्हणणं काही अंशी मानलं गेलं. पण त्या जागांसाठीही स्पर्धाच आहे, आणि तीही नोकरदार आईबापाच्या लेकरांशी.

भाषेचे २५ गुण हा आणखी वेगळा कारभार. आपल्या सीमेवर घरात गोंडी, हलबी, छत्तीसगढी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. नवोदयची परीक्षा मराठी-हिंदीसोबत गारो, खासी, मिझो या भाषांतूनही देता येते, आणि ते चांगलंच आहे. २०११ च्या जनगणनेत गारो बोलणारे साडेअकरा लाखांच्या आसपास, मिझो सव्वाआठ लाखांच्या आसपास आणि गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख. गोंडी त्या यादीत नाही. कारण सरळ आहे: ज्या भाषेत शाळाच नाही, तिच्यात परीक्षा कुठून येणार? गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःहून गोंडी शाळा सुरू केली, ती याच दुखण्यावर. तोवर निदान तिसरी-चौथीपासून मराठी उताऱ्याचं वाचन रोज करून घेणं, एवढं गुरुजींच्या हातात आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचा घोळही याला जोडूनच. २०१५ च्या निर्णयाने ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे गावातल्या शाळेत या परीक्षेची तयारी करून घ्यायचं कारणच उरलं नाही. तीच तयारी पोरांना पुढे नवोदयला कामी येत होती. २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीवर आणायचं ठरवलं. दहा वर्षं गेली मध्ये. त्या दहा वर्षांतल्या लेकरांचा हिशेब कोण देणार, हा प्रश्न मी तरी विचारणार.

शेवटचं, व्यवहाराचं. अलीकडे अर्ज ऑनलाइन निघतात ते जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे ऐन रोवणीत. आईबाप बांधीत, मोबाईलला रेंज नाही, आणि अर्जाला मुख्याध्यापकांची सही, फोटो, पालकांची सही हवी. सालेकसाच्या शिक्षण विभागाने केंद्राकेंद्रावर एक दिवस ठरवून सगळे अर्ज तिथेच भरून घ्यावेत आणि दर शनिवारी पाचवीला एक सराव पेपर द्यावा. याला वेगळा निधी लागत नाही, झेरॉक्सचा खर्च लागतो. तो ग्रामपंचायती करू शकतात; सरपंच मंडळींनी हे वाचत असाल तर खाली लिहा.

आणि पालकांनो, या अर्जाला फी नाही. कुणी 'नवोदयची फी' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. तारीख जाहीर झाली की इथेच टाकतो.